तीनशे किलोचा नग

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो धबधब्याचं विचारतो. तर एकदाच सांगून टाकतो: धबधबा मी पाहिला नाही. जायचं ठरलं होतं, पण नेमके त्याच आठवड्यात आम्ही एक मोटरसायकल घेऊन दक्षिणेला निघालो आणि धबधबा राहिला तो राहिलाच. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. त्या दोन दिवसांत जी अमेरिका मी पाहिली ती कुठल्या चित्राच्या कार्डावर मिळत नाही. त्यात माझी कशी जिरली तेही लिहितो. लपवून फायदा नाही, अक्काची मिरजेत सगळ्यांना पत्रं टाकून झालीच आहेत.

स्टेट कॉलेज, खंडेनवमी

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती आणि तिचे यजमान पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाच्या गावी अठरा वर्षं राहतात. आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. हे दाजी हाडांचे डॉक्टर. गाव म्हणजे सगळं विद्यापीठच. पुण्या-नागपूरकडची मुलं एकेका अपार्टमेंटमध्ये चौघं-चौघं राहतात आणि शनिवारी अक्काच्या आमटीचा वास घेत येतात. "काकू, यार, मेसच्या जेवणाने वेड लागायची पाळी आली," असं म्हणत पातेलं पुसून खातात. आपल्या सामानाचं दुकान जवळ नाही. मेथीची जुडी पाहिजे तर तीन तास ड्राइव्ह करा.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅरेज बघायला गेलो, तर कोपऱ्यात चादर घातलेली ही भली थोरली मोटरसायकल. आपल्याकडच्या दोन गाड्या जोडल्या तरी तिच्या पासंगाला पुरायच्या नाहीत.

"ही कुणाची गं?" मी विचारलं.

"हळू बोल," अक्का म्हणाली. "सतीशची."

सतीश माझा भाचा, त्यांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी त्याने इंजिनियरिंग अर्ध्यात सोडलं आणि मोटरसायकली दुरुस्त करायचं काम शिकणार म्हणाला. त्याच आठवड्यात दाजींनी मोटरसायकलवरून पडलेल्या एका मुलाचं ऑपरेशन केलं होतं. वय सतीशएवढंच. पाय वाचला नाही. दाजी घरी आले, गाडीची किल्ली खिशात घातली, गॅरेजला कुलूप लावलं आणि म्हणाले, "या घरात एक तर ही गाडी राहील नाहीतर तू." त्यांना वाटलं, पोरगा नमेल. पोरगा बॅग उचलून बसने गेला तो थेट नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी नावाच्या गावी. तिथे एका दुकानात तो गाड्या दुरुस्त करू लागला. अक्का दर रविवारी फोन करायची. फोन चालू झाला की दाजी उठून बागेत जायचे. दोन वर्षं हेच.

आणि यंदा गणपती झाल्यावर एके दिवशी जेवता जेवता दाजी म्हणाले, "त्याची गाडी त्याला नेऊन देऊ या." अक्का सांगते, तव्यावरची पोळी करपून धूर निघाला तरी तिला समजलं नाही. दाजींनी स्वतः पत्र लिहिलं. उत्तर म्हणून फोन आला, त्यात सतीश एवढंच म्हणाला, "ओके. संडे."

दाजींना माफी मागता येत नाही. पेशंटशी गोड बोलतील, नर्सना थँक्यू म्हणतील, पण घरच्या माणसापुढे जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा मोटरसायकल हीच त्यांची माफी होती, आणि ती धडपणे पोचायला हवी होती. हे आम्हाला तिघांनाही कळत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

गाडी न्यायची कशी? शेजारी वॉल्टर नावाचे रिटायर्ड गृहस्थ. त्यांच्याकडे चाकांवरचं एक घरच होतं. याला तिथे टॉय हॉलर म्हणतात, म्हणजे हौसेच्या गाड्या वाहून नेणारा ट्रेलर. पुढच्या अर्ध्या भागात पलंग, गॅसची शेगडी आणि बेसिन. मागच्या भागात नुसती मोकळी जागा, आणि मागची अख्खी भिंत खाली पाडली की तिचाच उतार होतो. आपल्याकडे पुढे सोपा आणि मागे गोठा असतो ना, तसंच. वॉल्टरने ट्रेलर दिला आणि तो ओढायला आपला ट्रकही दिला. आपल्याकडे सायकल उसनी देताना लोक घंटी वाजते का बघून देतात. या माणसाने फक्त किल्ल्या दाजींच्या हातात ठेवल्या आणि पट्ट्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा दाखवला. मग तो मला काहीतरी समजावू लागला. ट्रेलरच्या जमिनीतल्या लोखंडी कड्या दाखवी, हाताने खाली दाबल्यासारखं करी.

आता इथे माझं मोठेपण आडवं आलं. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सव्वीस वर्षं काढली आहेत. किती मोटरसायकली माझ्या हाताखालून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढल्या याची गणती नाही. मी वॉल्टरला म्हणालो, "आय ट्वेंटी-सिक्स इयर्स पार्सल. नो वरी." तो बिचारा हसला आणि गेला.

डब्यातले पट्टे बघून तर मला हसूच आलं. पायजम्याच्या नाडीएवढे रुंद! त्यांनी तीनशे किलोचा नग बांधायचा? मी सगळं आपल्या पद्धतीने केलं. आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं, तो पार्सलचा पहिला नियम. वॉल्टर आणि आणखी दोघांनी गाडी ढकलून आत चढवली. मी ती डबल स्टँडवर उभी केली. पेंढा आणि गोणपाट तिथे कुठून मिळणार, म्हणून अक्काच्या दोन रजया, तीन ब्लँकेटं आणि मिरजेहून आणलेली गोधडी, सगळं तिच्याभोवती गुंडाळलं. वरून दोरीचे फेरे घेतले, गाठी मारल्या आणि दोरीची टोकं कड्यांना आवळली. हँडलचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

"अरे, बाळंतिणीसारखी गुंडाळलीस की!" अक्का म्हणाली.

"ओरखडा उठला तर मिशी काढून देईन," मी म्हणालो.

त्या दिवशी खंडेनवमी होती. अक्काने परसातली झेंडूची फुलं आणून त्या गाठोड्यावर वाहिली, हळदीकुंकू लावलं. दाजी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाहीत. तेही हात जोडून उभे राहिले. मला उगीचच भरून आलं.

व्हर्जिनिया, डोंगरांमधल्या खोऱ्यात

पूजा आटोपून त्याच दिवशी, शनिवारी सकाळी, निघालो. ट्रकच्या पुढच्या बाकावर तिघं, मधे अक्का आणि तिच्या मांडीवर डबा. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, बटाट्याची सुकी भाजी. रस्ता इतका गुळगुळीत की मला आधी संशय आला, आपण निघालो आहोत ना? झाडं लाल-पिवळी झाली होती. तिथले लोक नुसती ती पानं बघायला गाडी काढून शंभर मैल येतात. मला आधी ही चैन वाटली. मग व्हर्जिनियातलं ते खोरं लागलं, दोन्हीकडे निळसर डोंगर आणि मधे सफरचंदाच्या बागा, आणि मीही पुरी हातात धरून बघतच राहिलो. खायचं भान राहिलं नाही.

दाजी ट्रेलर ओढत असल्यामुळे सावकाश चालवत होते. दुपारी एका वळणाच्या उतारावर मागून धप्प असा आवाज आला.

"काहीतरी पडलं," अक्का म्हणाली.

"तुझा कुकर असेल," मी म्हणालो.

"थांबून बघू का?" दाजींनी विचारलं.

"अहो, सव्वीस वर्षांत माझी गाठ सुटलेली नाही," मी म्हणालो. दाजींनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हे वाक्य मला अजून टोचतं.

चारच्या सुमाराला मुक्कामाच्या जागी आलो. असे तळ तिथे जागोजाग आहेत. झाडीत ओळीने जागा आखलेल्या, प्रत्येक जागेला नळ, विजेचं बटण, लाकडी टेबल. लोक आपापली घरं गाडीमागून ओढत आणतात आणि अनोळखी माणसाला हात हलवून शेजारी करून टाकतात. आम्ही जागा धरली आणि दाजींनी मागची भिंत खाली घेतली.

मोटरसायकल आडवी पडली होती.

रजया, ब्लँकेटं, गोधडी सगळं तिच्याखाली चुरगळलेलं, दोऱ्या सैल होऊन लोंबत होत्या. गाठ मात्र एकही सुटली नव्हती. काय झालं ते मला तिथेच उमगलं. ट्रेलरच्या हिसक्यांनी रजया दबत गेल्या, रजया दबल्या तशा दोऱ्या ढिल्या पडल्या, मग गाडी डबल स्टँडवरून पुढे सरकली आणि शेगडीखालच्या कपाटावर कोसळली. आरसा फुटला होता, डावीकडची क्लचची दांडी वाकली होती आणि टाकीला वाटीएवढा पोचा पडला होता. पेट्रोल काढलेलं होतं म्हणून आग-बिग लागायची भीती नव्हती, तेवढंच काय ते माझ्या पुण्याईत जमा.

दाजी मागे वळले. लाकडी टेबलापाशी जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. एवढा ओशाळा मी कधी झालो नव्हतो.

ते म्हणाले, "परत फिरू या. मी फोन करून कॅन्सल करतो."

"का?" अक्काने विचारलं.

"तूच बघ ना. दोन वर्षं कुलपात ठेवली, आणि आता मोडून आणून देतो. तो काय म्हणेल? म्हणेल, बाबांच्या मनात तेच होतं."

"म्हणू दे," अक्का म्हणाली. तिचा आवाज असा चढलेला मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "काय म्हणायचं ते तोंडावर म्हणू दे. दोन वर्षं तो काही म्हणालाच नाही, तुम्हीही नाही. मी मधे बसून दोघांचं ऐकते. गाडीला पोचा पडला म्हणून मी माझ्या पोराला न भेटता परत जाऊ? तुम्ही जा. मला इथेच सोडा, मी जाईन बसने!"

तेवढ्यात शेजारच्या जागेवरून एक बाई आल्या. साठीच्या असतील, पांढऱ्या केसांची जाड वेणी, अंगात चामड्याचं जाकीट. नाव डोना. शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, आणि आता नवऱ्याला मागे बसवून मोटरसायकलवर देश पालथा घालत होत्या. नवऱ्याला मागे बसवून! अक्काने मला कोपराने ढोसलं.

त्यांनी आत वाकून पाहिलं, म्हणाल्या, "ओह, हनी," आणि जाकिटाच्या बाह्या वर केल्या.

पडलेली तेवढी जड गाडी आम्ही तिघांनी ओढूनताणून उचलली असती तर पाठी गेल्या असत्या. डोनाबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या, सीटला कंबर टेकवली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरली आणि नुसत्या पायांच्या जोरावर मागे मागे चालत ती उभी केली. मी पलीकडून हात लावला, पण खरं सांगतो, तो दाखवण्यापुरताच होता.

मग त्यांनी वॉल्टरचा डबा मागितला. ज्या पट्ट्यांना मी नाड्या म्हणून हसलो होतो तेच. रजया सगळ्या काढून बाहेर फेकल्या. डबल स्टँड वर केला. मी घाबरून म्हणालो, "स्टँड! स्टँड!" त्या म्हणाल्या, "नो स्टँड." गाडी आपल्या दोन चाकांवरच उभी राहिली पाहिजे. पुढचं चाक समोरच्या भिंतीला टेकवलं. हँडलच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पट्टा, तो खाली तिरका ओढून जमिनीतल्या कडीत. एक जण हँडल खाली दाबणार, म्हणजे पुढची स्प्रिंग दबते, आणि दुसरा पट्टा आवळणार. थोडा डावा, थोडा उजवा, परत थोडा डावा. एकाच बाजूने ओढलं तर गाडी तिकडे कलते. आणि स्प्रिंग पुरती दाबून टाकायची नाही, थोडी जागा राखायची. मग रस्त्यात हिसका बसला तरी पट्टा ताठच राहतो. मागच्या बाजूलाही तसेच दोन. वॉल्टर हाताने दाबून जे दाखवत होता ते हेच.

दाजी आता उठून जवळ आले होते. एकदम म्हणाले, "अगं, हे ट्रॅक्शन आहे!"

"काय?" अक्का म्हणाली.

"मोडलेल्या पायाला आम्ही वजन लावतो ते. दोन्हीकडून सारखा ताण. आवळून गुंडाळायचं नसतं. मी तीस वर्षं हेच करतोय!"

डोनाबाईंना त्यांनी इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या खो-खो हसल्या, आणि बांधलेले चारही पट्टे सोडून दाजींच्या हातात दिले. "नाऊ यू, डॉक्टर." दाजींनी कोट काढून झाडाला टांगला. मी हँडल दाबलं, त्यांनी पट्टे ओढले. पहिल्यांदा गाडी डावीकडे कलली, सोडून परत बांधली. तिसऱ्या खेपेला डोनाबाईंनी गाडी धरून हलवली, तर गाडीबरोबर अख्खा ट्रेलर हलला. दाजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. परत फिरायची गोष्ट कुणी काढली नाही.

आम्ही सगळे एकाच टेबलावर जेवलो. डोनाबाईंकडे मक्याचा भाजलेला गोडसर पाव होता आणि बरणीत सफरचंदाचा दालचिनी घातलेला तपकिरी मुरंबा. अक्काने तो तिखटमिठाच्या पुरीला लावून खाल्ला आणि डोनाबाईंनी लिंबाची फोड तोंडात टाकून डोळे मिटले. आम्हाला वाटलं आता थुंकणार, तर त्यांनी लोणच्याची बरणीच मागून घेतली.

कॅरी, दसरा

रविवारी दर तासाने दाजी गाडी कडेला घेत, मागे जाऊन पट्टे चाचपत. मला जवळ येऊ देत नव्हते, आणि मीही मिशीवर हात ठेवून गप्प होतो. दुपारी बाराच्या सुमाराला कॅरी आलं. उंच पाईन, लाल माती, आणि नवीन कंपन्यांत कामाला येणाऱ्या लोकांसाठी बांधायला घेतलेली घरंच घरं. सतीशचं दुकान मुख्य रस्त्यापासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये. रविवार म्हणून बंद. तो बाहेर उभा होता. दाढी वाढवलेली, पँटला काळे डाग.

अक्का ट्रक पुरता थांबायच्या आत उतरली. तिने त्याला जे धरलं ते सोडेचना. दाजी ट्रकच्या दाराशी उभे.

"हाय, बाबा," सतीश म्हणाला.

"रस्ता चांगला होता," दाजी म्हणाले.

मला राहवेना. मागची भिंत खाली घेता घेता मी बोलून टाकलं, "सतीश, आधी ऐक. गाडी पडली. चूक माझी, सगळी माझी. तुझ्या वडिलांचा काही दोष नाही."

तो आत चढला. मला वाटलं आधी टाकी बघेल. त्याने पट्टे पाहिले. एकेक पट्टा बोटाने टिचकी मारून पाहिला, कडीपर्यंत वाकून पाहिला.

"मामा, हू टाइड धिस?"

"तुझ्या वडिलांनी."

"बाबांनी?" त्याने वळून दाजींकडे सरळ पाहिलं. "इट्स परफेक्ट. आमच्या शॉपमध्ये नवीन मुलांना हे यायला महिना लागतो." मग त्याने टाकीच्या पोच्यावरून तळवा फिरवला आणि हसला. "मामा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ डेंट. नोबडी लॉस्ट अ लेग."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं.

दाजी उतारावरून आत आले. "तो मुलगा तुझ्याएवढा होता," ते म्हणाले. "त्याच्या आईला मीच जाऊन सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि मला तुझी आई दिसत होती. मी घाबरलो होतो, सतीश. तुझ्यावर रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. पण मला ते सांगता आलं नाही. मी चुकलो."

अक्काने पदर तोंडाला लावला. माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही.

सतीश पट्ट्यांकडे वळला. वाकून मागचे दोन पट्टे सोडले, मग पुढचे, थोडा डावा, थोडा उजवा. गाडीची स्प्रिंग हळूहळू वर आली. एवढी जड गाडी एकट्याने उतारावरून खाली आणणं धोक्याचं. मी पुढे झालो, तर त्याने मान हलवली.

"बाबा, तुम्ही या. उजवीकडे उभे राहा. हा ब्रेक. मी म्हणेन तेव्हा थोडा सोडायचा, परत धरायचा. ओके?"

दाजींनी ब्रेक धरला. डावीकडे सतीश, उजवीकडे दाजी, मधे गाडी. दोघं उलटे चालत उताराला लागले. "सोडा. धरा. सोडा थोडा. धरा, बाबा, धरा." दाजी ऑपरेशन टेबलाशी उभे असावेत तसे एकाग्र, कपाळावर घाम. मागचं चाक लाल मातीला टेकलं, मग पुढचं. सतीशने पायाने साइड स्टँड काढला आणि गाडी त्यावर टेकवली.

"झालं. सोडा आता," तो म्हणाला.

"थांब जरा," दाजी म्हणाले. "अजून नीट उभी राहिली नाही असं वाटतंय मला."

गाडी चांगली भक्कम उभी होती. सतीशला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्याने हँडलवरचा आपला हात काढला नाही, आणि ते दोघं तसेच उभे राहिले.